उजेड पाडणारं क्रियापद

दोस्तांनो, घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. अक्षर टपोरं आणि प्रश्न त्याहून टपोरा. शाळेत आलेल्या एका इंग्रजी प्रश्नपत्रिकेवर ‘इल्युसिडेट’ असा शब्द होता. तिने शब्दकोश उघडला, अर्थ निघाला ‘स्पष्ट करणे’. मग सहज ‘एक्सप्लेन’ पाहिला, तर तिथेही ‘स्पष्ट करणे’. ‘क्लॅरिफाय’ पाहिला, तिथेही तेच! ‘एका अर्थाला इतके शब्द कशाला? इंग्रजांना दुसरं काही काम नव्हतं का?’ असा तिचा रोकडा सवाल आहे. पत्राच्या शेवटी आणखी एक शेपूट जोडलंय : ‘आणि आमच्या मराठीच्या पेपरात कधी स्पष्ट करा म्हणतात, कधी विशद करा म्हणतात. दोन्हीला उत्तर एकच लिहिलं तर मार्क कापतात का?’

मार्कांचं नंतर बघू. आधी शब्दाचं पोट उघडून पाहू.

‘इल्युसिडेट’ हा मूळचा लॅटिन घरातला. लॅटिनमध्ये ‘लक्स’ म्हणजे प्रकाश. (तुमच्यापैकी निम्म्यांना आता मोरीतला साबण आठवला असणार. आठवू द्या, लक्षात राहील.) एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते मोजायचं एककही ‘लक्स’च आहे. त्यावरून आलेला ‘ल्युसिड’ म्हणजे लख्ख, स्वच्छ दिसणारं. विज्ञानाच्या पुस्तकात तेलकट कागदाला अर्धपारदर्शक म्हणतात, त्याचं इंग्रजी ‘ट्रान्सल्युसंट’. त्याच्याही पोटात हाच प्रकाश बसलाय. तेव्हा ‘इल्युसिडेट’चा शब्दशः अर्थ होतो, अंधारातली गोष्ट उजेडात आणणे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला आणि तेव्हापासून अंगात कोट घालूनच वावरतो, म्हणजे पुस्तकात, भाषणात, परीक्षेत. घरात, बाजारात तो सहसा दिसायचा नाही.

आता बाकीच्या भावंडांकडे बघा. प्रत्येकाच्या पोटात वेगळं चित्र आहे.

‘एक्सप्लेन’मधला ‘प्लेन’ म्हणजे सपाट. नांगरटीनंतर शेतात मोठाली ढेकळं पडलेली असतात. त्यावरून चालताना पाय मुरगळतो. मग ढेकळं फुटतात, वखर फिरतो, रान सारखं होतं. कठीण विषय असा सपाट करून देणं म्हणजे एक्सप्लेन. ‘क्लॅरिफाय’चं चित्र मात्र चुलीवरचं. साजूक तुपाला इंग्रजीत ‘क्लॅरिफाइड बटर’ म्हणतात. लोणी कढतं, बेरी खाली बसते आणि वर निवळ तूप राहतं. गैरसमजाचा गाळ खाली बसवून मूळ गोष्ट निवळ करायची, ते क्लॅरिफाय. आणखी एक आहे ‘एक्सप्लिकेट’. त्यात ‘प्लिक’ म्हणजे घडी. कपाटातलं लुगडं घडी मोडून पसरावं, तसा मुद्दा उलगडून दाखवणं. आपलं ‘उलगडणे’ अगदी तेच सांगतं. दोन देशांतल्या दोन माणसांना एकमेकांना न विचारता तीच उपमा सुचावी, ही मला नेहमीच मोठी मौज वाटते.

मग ‘इल्युसिडेट’चा मराठी जुळा भाऊ कोण? ‘विशद करणे’! संस्कृतात ‘विशद’ म्हणजे उजळ, शुभ्र, स्वच्छ. तिथेही प्रकाशच. आणि ‘स्पष्ट’ हा शब्द पाहण्याशी नातं सांगतो, स्पष्ट म्हणजे नीट दिसलेलं. तेव्हा शब्दकोशाने ‘इल्युसिडेट’समोर ‘स्पष्ट करणे’ लिहिलं ते चूक नाही; पण ‘विशद करणे’ लिहिलं असतं तर नेम अधिक अचूक लागला असता.

मराठीत समजावण्याच्या शब्दांना तर तोटाच नाही. कीर्तनात बुवा अभंग घेऊन उभे राहतात आणि आधी पूर्वरंगात ‘निरूपण’ करतात. पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने केलं ते ‘भाष्य’. सरकारी कचेरीत मागतात तो ‘खुलासा’. हा गृहस्थ अरबीतून फारसीमार्गे आला. तिकडे त्याचा अर्थ सार, सारांश असा होता. आपल्याकडे येता येता तो लांब झाला, आणि आता खुलासे चार-चार पानांचे असतात! ‘टीका’ या शब्दाचं तर नशीबच फिरलं. मल्लिनाथाने कालिदासाच्या ‘रघुवंशा’वर ‘संजीवनी’ नावाची टीका लिहिली, म्हणजे काही त्याने कालिदासाला नावं ठेवली नाहीत. टीका म्हणजे अर्थ उलगडणारं लेखन. आज मात्र ‘त्याने माझ्यावर टीका केली’ म्हटलं की भांडणच समजायचं.

आणि ज्याच्या नावातच दिवा आहे असा मराठीतला थोर ग्रंथ कोणता? आपण त्याला ज्ञानेश्वरी म्हणतो. त्याचं दुसरं नाव ‘भावार्थदीपिका’. दीपिका म्हणजे छोटा दिवा. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली, संस्कृतातल्या गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा दिवा लागला. गीता तर आधीपासून होतीच. कुणी ती लपवलीही नव्हती. पण ज्यांना संस्कृत येत नव्हतं त्यांच्यासाठी ती अंधाऱ्या खोलीतल्या सामानासारखी होती : आहे, पण दिसत नाही. ज्ञानदेवांनी सामान बदललं नाही, दिवा लावला. ‘इल्युसिडेट’ म्हणजे काय हे एका ओळीत सांगायचं तर मी हेच सांगेन. वस्तू हलवायची नाही, तिच्या जागी दुसरी ठेवायची नाही. समोरच्याला दिसेल एवढा उजेड पाडायचा. आणि ‘समोरच्याला’ हा शब्द विसरायचा नाही. उजेड माझ्या डोळ्यांना पुरेसा आहे की नाही हे कुणी विचारत नाही, त्याच्या डोळ्यांना पुरतो का ते बघायचं.

(‘काय उजेड पाडलास!’ हे आपण रिझल्टच्या दिवशी ऐकतो तो उजेड निराळा. त्याचं भाषांतर इल्युसिडेट करू नका.)

आता वापर. इथे आपली मंडळी हमखास घसरतात. मराठीत आपण म्हणतो, ‘मला हे गणित समजावून सांगा.’ त्यातला ‘मला’ उचलून सरळ इंग्रजीत बसवला, की ‘एक्सप्लेन मी धिस सम’ तयार होतं. हे चूक. ‘एक्सप्लेन धिस सम टु मी’ असं हवं. ‘इल्युसिडेट’चं वळणही तसंच. इंग्रजीला आधी सांगावं लागतं की उजेड कशावर पाडायचा. माणसावर नव्हे, मुद्द्यावर. ‘द टीचर इल्युसिडेटेड द मीनिंग ऑफ द पोएम’, म्हणजे बाईंनी कवितेचा अर्थ विशद केला. हे बरोबर. ‘द टीचर इल्युसिडेटेड अस’ म्हटलं तर बाईंनी वर्गातल्या मुलांवरच बॅटरी मारली असं काहीतरी होईल. ‘इल्युसिडेट अबाउट’ हेही नको. ‘अबाउट’ला तिथे काही काम नाही. नाम करायचं तर ‘इल्युसिडेशन’.

दुसरी गोष्ट, जिथे अंधार नाही तिथे दिवा लावायचा नाही. यवतमाळहून वणीच्या एसटीत बसलात आणि कंडक्टरकाकांना म्हणालात, ‘प्लीज इल्युसिडेट द फेअर’, तर काका तुमच्याकडे बघतच राहतील. भाडं विचारायचं असतं, विशद करायचं नसतं. ‘माय नेम इज सो अँड सो, लेट मी इल्युसिडेट’ हेही हास्यास्पद. आधी काहीतरी म्हटलेलं, लिहिलेलं, घडलेलं असलं पाहिजे, आणि ते कुणालातरी उमगलेलं नसलं पाहिजे. तेव्हाच हा शब्द शोभतो.

आणि इथेच मार्कांचं उत्तर आहे. ‘माहिती लिहा’ म्हटलं तर तुमच्याजवळ असेल ती माहिती लिहा. ‘कारणे द्या’ म्हटलं तर कारणं. पण ‘पुढील विधान विशद करा’ म्हटलं की परीक्षकाने तुमच्या हातात एक बंद खोली दिलेली असते. समजा विधान आहे, ‘आपली शेती पावसावर अवलंबून आहे.’ पुष्कळ मुलं लिहितात : ‘भारत हा शेतीप्रधान देश आहे. शेतीसाठी पर्जन्य अत्यंत आवश्यक असून पर्जन्यावाचून शेती अशक्यप्राय आहे.’ यात काय झालं? पावसाचा पर्जन्य झाला, बाकी अंधार तसाच! शब्द जड केल्याने उजेड पडत नाही. त्याऐवजी असं लिहा : यवतमाळ जिल्ह्यात बरीचशी कपाशी कोरडवाहू, म्हणजे विहिरी-कालव्याशिवायची. जूनमध्ये पाऊस पडला की सरकी टोबायची. मग पावसाने महिनाभर दडी मारली तर उगवलेलं जळतं आणि दुबार पेरणी करावी लागते. म्हणजे बियाणं दोनदा, मजुरी दोनदा, पीक एकदाच. हंगामाच्या शेवटी हातात पैसा कमी आला की पांढरकवड्याच्या बाजारात कापडाच्या दुकानातही गर्दी कमी. झालं विशद. यात एकही भारी शब्द नाही. ‘स्पष्ट करा’ला दोन-चार वाक्यांत अर्थ सांगून भागतं, ‘विशद करा’ला एखादं उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जावं लागतं. मार्क कापायचे की नाही ते तुमच्या गुरुजींनी ठरवावं, पण मी असतो तर पर्जन्यवाल्यांचे कापले असते.

इथपर्यंत शाळेचं झालं. आता थोडं शेताकडे जाऊ. आईबाबांनो, पुढचा भाग तुम्हीही वाचा, शक्य तर मुलांच्या शेजारी बसून.

तुमच्या-आमच्या घरात कपाशीवर फवारायच्या द्रावणाला काय म्हणतात? ‘औषध.’ ‘आज औषध मारायचं हाय.’ ‘औषध संपलं, कृषी केंद्रातून आणा.’ पिकाला रोग पडला, त्याला औषध दिलं, असा साधा हिशेब. पण औषध म्हटलं की आपल्या मनात काय येतं? खोकल्याची बाटली. चमचाभर जास्त गेलं तरी फार बिघडत नाही, अंगावर सांडलं तर पुसून टाकायचं. शब्दाने असा हात धरून आपल्याला भलतीकडे नेलं. बाटलीवर लिहिलेलं असतं ‘कीटकनाशक’, आणि कित्येक बाटल्यांवर चक्क ‘विष’. पण बोलण्यातल्या एका शब्दाने त्यावर पडदा टाकला.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रांग लागली. कुणाला उलट्या, कुणाला डोळ्यांपुढे अंधारी. जिल्ह्यातली सुमारे वीस माणसं दगावली. त्या वर्षी कपाशी ठिकठिकाणी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा पायाकडे न राहता तोंडाकडे येत होता. दोन-दोन, तीन-तीन औषधं एका पंपात मिसळली जात होती. हातमोजे, चष्मा, मास्क बहुतेकांजवळ नव्हते. दोष कुणाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती काही एकट्या फवारणाऱ्या माणसावर ढकलून चालणार नाही. विकणाऱ्याने, बनवणाऱ्याने, सरकारी खात्याने सांगायला हवं होतं ते किती सांगितलं, हा प्रश्न आहेच. पण आपल्या सदराचा विषय शब्द आहे, तेव्हा मी तुम्हाला बाटलीबरोबर येणाऱ्या कागदाकडे नेतो.

हा कागद, म्हणजे माहितीपत्रक, अनेक घड्या घालून बाटलीसोबत दिलेला असतो. आठवतं ना, ‘एक्सप्लिकेट’ म्हणजे घडी उलगडणं! इथे ते अक्षरशः करावं लागतं. उलगडलं की मुंगीएवढी अक्षरं, बऱ्याच भाषा, आणि मराठी सापडलीच तर ती अशा थाटाची : ‘संरक्षक वस्त्रे परिधान करावीत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.’ म्हणजे लिहिलेलं सगळं आहे, पण दिसत नाही. गीतेच्या वेळची तीच अंधारी खोली.

आता अशी कल्पना करा. ओसरीवर बाप बसलाय, समोर लेक. बाप म्हणतो, ‘वाच बरं माय, काय लिवलं हाय त्याच्यात?’ लेक घडाघडा वाचते, ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.’ बाप म्हणतो, ‘मंग? म्हंजे कोणीकडे तोंड करू?’ इथे लेकीने तेच वाक्य दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं तर ते वाचन झालं. ‘म्हणजे अपोझिट डायरेक्शनला नाही’ म्हणाली तर भाषांतर झालं, तेही नको त्या भाषेत. पण ती जर म्हणाली, ‘बाबा, वारा पाठीवर घ्याचा. तोंडावर येत असन त फवाराचंच नाही, थांबाचं,’ तर ते इल्युसिडेट केलं. एका वाक्यात दिवा लागला.

‘संरक्षक वस्त्रे’ विशद करायची तर : पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, पायात बूट. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा म्हणजे मास्क नव्हे. तो फवाऱ्याने ओला झाला की विष कातडीला चिकटवून ठेवतो, आणि काही विषं कातडीतूनही अंगात जातात. हे ‘वस्त्रे’ या शब्दात कुठे दिसलं असतं?

बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, शंकरपाळ्यासारखा. १९७१ सालच्या कीटकनाशक नियमांनी तो ठरवून दिलाय. खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, वरच्या अर्ध्या भागात इशारा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. वर कवटी आणि हाडांचं चित्र आणि ‘विष’ हा शब्द. पिवळा त्याच्या खालोखाल, तिथेही ‘विष’च. निळ्यावर ‘धोका’. हिरव्यावर ‘सावधान’. गडबड इथे होते : चौकातल्या सिग्नलने आपल्याला शिकवलंय की हिरवा म्हणजे बिनधास्त जा. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका सांगतो, शाकाहारी आहे, खा. त्यामुळे हिरवा त्रिकोण दिसला की मन म्हणतं, हे साधं आहे. तसं नाही. या चौकोनात ‘निरुपद्रवी’ नावाचा रंगच नाही. हिरवासुद्धा विषारीच, फक्त इतरांपेक्षा कमी. चिन्हही विशद करावं लागतं ते असं.

मग प्रमाण. कागदावर ते हेक्टरी लिहिलेलं असतं, आपल्या घरात बोलतात ते एकरात, आणि शेतात मोजतात ते पंपात, झाकणाने. तीन भाषा झाल्या! गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनो, इथे तुमचं काम आहे. समजा कागदावर लिहिलंय, ‘हेक्टरी ५०० मिली, ५०० लिटर पाण्यातून.’ (हा आकडा मी हिशेबासाठी घेतलाय, खरा आकडा प्रत्येक बाटलीच्या कागदावरचाच.) म्हणजे एका लिटर पाण्याला एक मिली. पंप १५ लिटरचा असेल तर पंपाला १५ मिली. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, तेव्हा एकराला २०० लिटर पाणी, म्हणजे १३-१४ पंप, आणि द्रावण २०० मिलीच्या आसपास. आता झाकणात किती मिली मावतं? प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं! ‘दोन झाकणं टाक’ हा हिशेब म्हणूनच अंधारातला. मोजायचं ते खुणा असलेल्या मापाने. मात्र मुलांनो, तुम्ही कागद वाचायचा आणि पाटीवर हिशेब मांडायचा. बाटलीला, मापाला, पंपाला हात लावायचा नाही. ते काम मोठ्यांचं, आणि त्यांचंही हातमोजे घालूनच.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते, ती तुम्ही विचार करूनच ओळखायची. प्रत्येक कागद आपल्यापुरतं बोलतो. दोन बाटल्या एका पंपात मिसळल्या की जे तयार होतं त्याला लेबल नसतं. त्याचा रंग लाल की पिवळा, कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मनाने मिसळायचं नाही.

कागदाच्या शेवटी एक शब्द येतो, ‘उतारा’. हा शब्द शाळेतल्या मुलाने वाचला तर त्याला वाटेल, खालील प्रश्नांची उत्तरे लिहायची आहेत! बाबांना आठवेल सातबाराचा उतारा. आजीच्या डोळ्यांपुढे लिंबू-नारळ येईल. इथे मात्र उतारा म्हणजे विषाचा जोर उतरवणारं, खरंखुरं औषध. बघा, त्या सगळ्या कागदात औषध म्हणावं अशी एकच गोष्ट आहे, आणि ती डॉक्टरांसाठी लिहिलेली आहे. घरी करून बघण्यासाठी नाही. कुणाला फवारताना मळमळलं, गरगरलं, अंधूक दिसू लागलं, तर काम थांबवून, अंगावरचे कपडे काढून, साबणाने अंग धुऊन लगेच दवाखाना गाठायचा आणि तो कागद किंवा बाटलीवरचं लेबल बरोबर न्यायचं. डॉक्टरांना ‘औषध मारत होतो’ एवढंच सांगितलं, तर कुठलं विष ते त्यांनी कसं ओळखायचं? नाव कळलं तर उपचार नेमका होतो.

रिकाम्या बाटलीबद्दलही कागद बोलतो, पण त्याच्या ‘विल्हेवाट’ या शब्दाला घरात ‘धुऊन ठेव, कामी येईल’ असा अर्थ लागतो. नाही लागू द्यायचा. त्यात तेल नाही, पाणी नाही, गोठ्यात ठेवायचं काही नाही. ती भोकं पाडून, मोडून, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांबच गेली पाहिजे.

आता तुमच्यातले काही म्हणतील, आमच्या आजोबांना मराठीही धड कळत नाही. बरोबर आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला कोलाम वस्त्या आहेत. त्यांची कोलामी ही काही मराठीची बोली नव्हे. गोंडी, तेलुगू यांच्या द्राविडी कुळातली ती स्वतंत्र भाषा आहे. तांड्यावर गोरमाटी बोलतात. अशा घरातल्या मुलाला शाळेत मराठी परकी वाटते, मागे पडल्यासारखं वाटतं. पण एका जागी तो वर्गातल्या पहिल्या नंबरच्याही पुढे असतो. कागदावरची मराठी आणि आजोबांची भाषा, दोन्ही ज्याला येतात असा त्या घरात तोच एक. पोस्टरं लावून, गाडीवर भोंगा बांधून जे पोचत नाही ते तो चार वाक्यांत पोचवू शकतो. ‘इल्युसिडेट’ शब्द त्याला माहीत नसला तरी चालेल.

घाटंजीच्या मैत्रिणीला उत्तर मिळालं असेल. इंग्रजांना काम होतं की नव्हतं ते मात्र मी सांगू शकत नाही.

जाता जाता नेहमीप्रमाणे या आठवड्याचा खेळ. खाली एक वाक्य देतो. कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात अशा थाटाचं वाक्य सापडतं :

‘अंतिम फवारणी व काढणी यांमध्ये विहित प्रतीक्षा कालावधी पाळावा.’

हे वाक्य तुमच्या घरात बोलतात त्या बोलीत विशद करा : वऱ्हाडी, कोलामी, गोंडी, गोरमाटी, मालवणी, अहिराणी, कुठलीही चालेल. अटी तीनच. एकही मूळ शब्द तसाच उचलायचा नाही. वांग्याचं किंवा भेंडीचं उदाहरण आलं पाहिजे. आणि पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते ऐकवून, त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत खाली लिहून पाठवायचं. पाकिटावर ‘शब्दांचा खेळ’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर तुमचं पत्र कोड्यांच्या ढिगात जातं.